केनियाचा प्रवास: टिकणारी माहिती आणि बदलणारी माहिती

पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशाला जाणाऱ्या प्रवाशासाठी लिहिली गेलेली माहिती विपुल असली, तरी तिच्यात दोन निराळ्या जातींची विधाने एकाच सुरात सांगितलेली आढळतात. पाऊस कधी पडतो, कोणता भाग किती उंचीवर आहे, हिवताप कुठे होतो, एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचायला किती वेळ लागतो, ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या फारशी बदलत नाही. याउलट प्रवेशाचा परवाना, अभयारण्यांचे शुल्क, चलनात असलेल्या नोटा, बाळगण्यास मनाई असलेल्या वस्तू यांविषयीची माहिती सरकारच्या एका अधिसूचनेने रातोरात कालबाह्य होते. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकात पहिल्या जातीची माहिती आजही बिनचूक सापडेल, दुसऱ्या जातीची मात्र बहुतेक सगळी चुकीची निघेल. प्रवासी नेमके उलटे वागताना दिसतात: परवाने आणि शुल्क यांची ते वारंवार चौकशी करतात, आणि ऋतू, उंची व अंतर या गोष्टी गृहीत धरतात. प्रस्तुत आढाव्यात दोन्ही जातींच्या माहितीची छाननी केली असून तीत महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवला आहे.

केनियाच्या मध्यातून विषुववृत्त जाते एवढ्यावरून तो देश बारमाही उकाड्याचा असावा असा समज होतो, आणि तो केवळ किनारपट्टी व उत्तरेकडील रुक्ष प्रदेश यांपुरता खरा आहे. राजधानी नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वर वसलेली आहे. जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांत तेथे आभाळ झाकोळलेले असते आणि रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांपर्यंत उतरते. प्राणी पाहण्यासाठी गाड्या निघतात त्या उजाडण्याच्या सुमारास, छत वर उचलून, उघड्या वाऱ्यात. त्यामुळे आफ्रिकेला निघालेल्या मंडळींच्या सामानात स्वेटर आणि कानटोपी नसणे ही दिसायला किरकोळ, पण रोज पहाटे जाणवणारी चूक ठरते. त्याच प्रवासात पुढे किनाऱ्यावरच्या मोम्बासाला उतरल्यावर मात्र कोकणातल्यासारखी दमट हवा असते आणि सुती कपड्यांशिवाय निभाव लागत नाही.

पावसाचे हंगाम दोन असतात. मार्च ते मे या काळातल्या मोठ्या पावसाला ‘दीर्घ पाऊस’ आणि ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळातल्या हलक्या पावसाला ‘अल्प पाऊस’ म्हणण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्यांशी या हंगामांचा मेळ अजिबात बसत नाही, आणि इथल्या कुटुंबांच्या दृष्टीने संपूर्ण नियोजनातली ही सर्वांत अवघड गाठ आहे. उन्हाळ्याची सुट्टी दीर्घ पावसाच्या ऐन भरात येते, दिवाळीची सुट्टी अल्प पावसाच्या तोंडावर येते, आणि जुलै ते सप्टेंबर हा कोरडा, सर्वोत्तम मानला गेलेला काळ शाळा भरात असतानाचा असतो. एप्रिल-मेमध्ये मुक्कामाचे दर उतरतात, गर्दी नसते आणि रान हिरवेगार असते हे खरे, परंतु अभयारण्यांतल्या मातीच्या वाटा चिखलाने बंद पडतात आणि गवत उंच वाढल्याने प्राणी दिसेनासे होतात. २०२४ च्या दीर्घ पावसात आलेल्या पुरांत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि मे महिन्याच्या आरंभी मसाई मारा या अभयारण्यातील नदीकाठच्या पर्यटक छावण्याही पाण्याखाली गेल्या. त्यामानाने नाताळची सुट्टी आणि त्यापुढचे जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे, स्वच्छ उन्हाचे महिने दुर्लक्षित राहिले आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्यांचाच विचार आधी करणे श्रेयस्कर.

जुलै-ऑगस्टचे आकर्षण ज्या ‘महास्थलांतरा’मुळे निर्माण झाले त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मसाई मारा हा निसर्गतः एकच सलग गवताळ प्रदेश असून, विल्डबीस्ट या दाढीवाल्या, गाईच्या तोंडवळ्याच्या मोठ्या कुरंगांचे दहा लाखांहून अधिक संख्येचे कळप, त्यांच्या सोबतीने झेब्रे, पाऊस जिथे गवत उगवेल तिकडे वर्षभर सरकत असतात. वर्षाच्या आरंभी ते दक्षिण सेरेंगेटीत विण्यासाठी थांबतात, साधारण जुलैपासून मारा नदीच्या परिसरात येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत परतू लागतात. या हालचालीला पंचांग नाही. नदीकाठी जमलेला कळप तासन्‌तास नुसता उभा राहतो, मगरींच्या पाण्यात आघाडीच्या जनावराने उडी घेतली की मागची रांग धुरळ्यासह तुटून पडते, आणि कित्येकदा काहीही न घडता सगळा कळप माघारी वळतो. नदी ओलांडण्याचे दृश्य हमखास दाखवण्याचे आश्वासन देणारे व्यावसायिक आपल्या हाती नसलेली वस्तू विकत असतात; त्या दृश्यासाठीच जायचे असेल तर मारात निदान तीन-चार रात्री मोकळ्या ठेवण्याला पर्याय नाही.

याच सलगतेतून आणखी एक गैरसमज जन्माला येतो. नकाशात मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेले दिसतात, म्हणून एका गाडीने दोन्ही पाहता येतील असे वाटते. परंतु या दोन अभयारण्यांमधले थेट सीमाद्वार १९७७ सालापासून पर्यटकांसाठी बंद आहे, आणि प्रवाशाला पश्चिमेकडून इसिबानियामार्गे किंवा पूर्वेकडून नमांगामार्गे लांबचा वळसा घ्यावा लागतो. टांझानियाचा व्हिसाही स्वतंत्रपणे काढावा लागतो. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांसाठी मिळून १०० डॉलरचा, ९० दिवसांचा एकत्रित पर्यटक व्हिसा उपलब्ध आहे खरा, पण टांझानिया त्या व्यवस्थेत सामील नाही.

अंतरांच्या बाबतीत किलोमीटरचा आकडा फसवा असतो. नैरोबीहून मसाई मारा सुमारे २५० किलोमीटरवर आहे, पण खचदरीचा कडा उतरून नारोक गावावरून तिथे पोहोचायला पाच-सहा तास लागतात. खचदरी म्हणजे भूकवच ताणले जाऊन दोन समांतर भेगांमधला पट्टा खाली बसल्याने तयार झालेली प्रचंड लांब दरी. नैवाशा, नाकुरू, बोगोरिया ही सरोवरे तिच्याच तळाशी आहेत. गेल्या दशकभरात या सरोवरांची पातळी वाढत गेली आहे आणि नाकुरूच्या ज्या गुलाबी रोहितपक्ष्यांची छायाचित्रे जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर असत, त्यांतले बरेच आता बोगोरियासारख्या इतर खाऱ्या सरोवरांकडे वळले आहेत. अर्थात टिकाऊ मानलेल्या माहितीलाही कुठेतरी कड असते. सहा दिवसांत मारा, नाकुरू, नैवाशा आणि अंबोसेली असा कार्यक्रम भारतीय सहल-व्यवसायात रूढ झाला आहे; त्यात दिवसाचा मोठा भाग गाडीच्या खिडकीतून डांबरी रस्ता पाहण्यात जातो. दोनच ठिकाणे निवडून प्रत्येक ठिकाणी अधिक राहणे हे खर्चाच्या आणि आनंदाच्या दोन्ही हिशोबांनी सरस आहे. अंबोसेलीहून दिसणारा किलिमांजारो पर्वत टांझानियात आहे आणि तो बहुधा पहाटे व संध्याकाळीच ढगांतून मोकळा होतो, हे ध्यानात घेतले तर तिथला एकच मुक्काम किती अपुरा आहे हे वेगळे सांगायला नको.

वेळ वाचवण्यासाठी अनेक जण विमानाने अभयारण्यात जातात. ही छोटी विमाने मुंबईहून आलेले प्रवासी उतरतात त्या जोमो केन्याटा आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सुटत नसून बहुतांशी शहरातल्या विल्सन विमानतळावरून सुटतात, आणि त्यांत हातातल्या पिशवीसह साधारण १५ किलोंचेच सामान, तेही मऊ पिशवीत, नेता येते. टणक चाकांची बॅग विमानाच्या पोटातल्या जागेत मावत नाही. नैरोबी ते मोम्बासा या प्रवासासाठी २०१७ साली सुरू झालेली ‘मदाराका एक्स्प्रेस’ ही रेल्वे उत्तम आहे. ४७० किलोमीटरांहून अधिक अंतर ती पाच-सहा तासांत कापते, त्सावोच्या रानातून भरावावरून जाताना हत्तींचे कळप डब्यातूनच दिसतात, आणि भाडेही विमानापेक्षा पुष्कळ कमी असते. मात्र तिची दोन्ही टोकांची स्थानके शहरांपासून दूर आहेत आणि सुरक्षा तपासणीत सामान ओळीने जमिनीवर मांडून ते श्वानपथकाकडून हुंगवले जाते, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी तासभर तरी पोहोचावे लागते. याच मार्गाच्या आसपास १८९६ ते १९०१ या काळात ब्रिटिशांनी मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जुनी रेल्वे बांधली. तिच्यासाठी आणलेले सुमारे ३२,००० भारतीय मजूर मुख्यतः पंजाबातले होते, आणि त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मरण पावले. १८९८ साली त्सावो नदीवरच्या पुलाचे काम दोन नरभक्षक सिंहांमुळे थांबल्याची हकिकत जगभर गाजली, पण रोगराई आणि अपघात यांनी घेतलेल्या बळींच्या मानाने सिंहांचा वाटा अगदी अल्प होता. खुद्द नैरोबी हे शहर १८९९ मध्ये याच रेल्वेचे मध्यवर्ती ठाणे म्हणून वसले.

शहरांतर्गत प्रवासासाठी ‘मटाटू’ नावाच्या खासगी छोट्या बस, ‘बोडाबोडा’ म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली आणि मोबाइलवरून बोलावता येणाऱ्या टॅक्सी उपलब्ध असतात. बोडाबोडाच्या ताफ्यात पुण्याच्या बजाज कंपनीची बॉक्सर ही गाडी जागोजागी दिसते, तरीही भारतीय प्रवाशाने त्या आपुलकीने मागे बसू नये. या वाहनांच्या अपघातांचे प्रमाण मोठे आहे आणि हेल्मेट मिळेलच असे नाही. रात्रीच्या वेळी टॅक्सीच घ्यावी. वाहने भारतासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. विजेचा दाबही ओळखीचा, २४० व्होल्टचा असतो, परंतु खाचा ब्रिटिश पद्धतीच्या, तीन चौकोनी पिनांच्या असल्याने जोडखुंटी बरोबर न्यावी लागते.

घड्याळाबाबत एक बारकावा महत्त्वाचा आहे. केनियाची अधिकृत वेळ भारताच्या अडीच तास मागे आहे. पण स्वाहिली भाषेत बोलताना तास सूर्योदयापासून मोजले जातात. विषुववृत्तावर दिवस-रात्र जवळपास समान असल्याने ही मोजणी बारा महिने चालते: सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, अर्थात पहिला तास, आणि सकाळचे दहा म्हणजे ‘सा न्ने’, अर्थात चौथा तास. छापील तिकिटावर आणि हॉटेलात इंग्रजी वेळ असते, परंतु किनारपट्टीवर नावाडी किंवा गावातला गाडीवाला स्वाहिलीत चार वाजता येतो म्हणाला, तर तो सकाळी दहाला हजर होईल आणि प्रवासी दुपारी चारची वाट पाहत बसेल. ठरवलेली वेळ घड्याळातल्या काट्यांवर बोट ठेवून पक्की करून घेणे हा त्यावरचा साधा उपाय.

बदलत्या माहितीत पहिला क्रमांक प्रवेश-परवान्याचा लागतो. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा ही पद्धतच बंद करून तिच्या जागी ‘इलेक्ट्रॉनिक प्रवास-अनुमती’ आणली. विमानतळावर उतरून व्हिसा घेण्याची सोय त्याआधीच संपुष्टात आली होती, तरी तिचा उल्लेख जुन्या पुस्तकांतून अजून वाचायला मिळतो. अनुमतीचा अर्ज निघण्यापूर्वीच भरावा लागतो. पासपोर्टची मुदत पोहोचल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी लागते, आणि मुक्कामाचे आरक्षण व विमानाचे तपशील जोडावे लागतात. मूळ शुल्क ३० डॉलर असून त्यावर व्यवहारखर्च पडतो. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट रक्कम उकळणारी खासगी संकेतस्थळे अनेक असल्यामुळे पत्त्याच्या शेवटी ‘गो डॉट के-ई’ ही केनिया सरकारची खूण आहे की नाही हे पाहूनच पैसे भरावेत.

भारतीय प्रवाशाची खरी कसोटी मात्र परतीच्या वेळी लागते. पीतज्वर, ज्याला सर्वत्र यलो फीव्हर म्हणतात, हा एडिस डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग आहे. तो पसरवू शकणारा डास भारतात भरपूर आहे, पण विषाणू आजवर इथे रुजलेला नाही. एकदा तो शिरला तर लस न घेतलेल्या कोट्यवधी लोकसंख्येत काय होईल या भीतीमुळे भारत सरकारचे नियम याबाबतीत जगातल्या कडक नियमांपैकी आहेत. केनिया भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत असल्याने तिथून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीकरणाचे अधिकृत प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. भारतातून जाताना केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही, आणि नेमक्या याच कारणाने ते विसरले जाते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि ११ जुलै २०१६ पासून ते जन्मभरासाठी वैध धरले जाते, त्यामुळे जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी पुन्हा लस घेण्याची गरज नसते. ही लस केवळ सरकारमान्य केंद्रांवर, ठरावीक वारी आणि नावनोंदणी करूनच मिळते. ती जिवंत विषाणूची असल्याने साठीपुढच्या व्यक्ती, गर्भवती, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे आणि प्रतिकारशक्ती घटलेले रुग्ण यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते. तिकीट काढल्यानंतर लगेच करण्याचे पहिले काम हेच.

पैशांच्या व्यवहारात केनिया भारताच्याही आधी मोबाइलवर गेला. मार्च २००७ मध्ये सुरू झालेली ‘एम-पेसा’ ही सेवा साध्या, इंटरनेट नसलेल्या फोनवरही चालते. दुकानदाराचा ‘टिल’ क्रमांक फोनमध्ये भरायचा, रक्कम आणि गुप्तांक टाकायचा, आणि दोन्ही फोनवर संदेश आला की व्यवहार पुरा झाला. तो संदेश वाजेपर्यंत भाजीवालीही पिशवी हातातून सोडत नाही. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घेतले की परकीय प्रवाशालाही हे खाते उघडता येते आणि मग शिलिंग या तिथल्या चलनाच्या रोख नोटा फारशा जवळ ठेवावी लागत नाहीत. डॉलर न्यायचे तर नव्या मालिकेच्या, न फाटलेल्या, शाईचा डाग नसलेल्या नोटा न्याव्यात. जुन्या नोटा नाकारल्या जातात. केनियाने आपल्या एक हजार शिलिंगच्या जुन्या नोटा सप्टेंबर २०१९ अखेर बाद केल्या, तेव्हा पूर्वीच्या प्रवासातून घरी राहिलेल्या अशा नोटांना आता संग्रहापलीकडे किंमत नाही; नोटाबंदी म्हणजे काय हे भारतीय वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही.

अभयारण्यांच्या शुल्काने सहलीचा निम्मा हिशोब बदलतो. मसाई मारा हे राष्ट्रीय उद्यान नसून नारोक परगण्याच्या ताब्यातले राखीव क्षेत्र आहे, आणि २०२४ पासून परदेशी प्रौढ प्रवाशाला तिथे जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर मोजावे लागतात; शिवाय प्रवेशपत्र २४ तासांचे नसून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच अवधीचे असते. त्सावो, अंबोसेली, नाकुरू इत्यादी उद्याने केनिया वन्यजीव सेवेकडे असून तिथे रोख रक्कम घेतली जात नाही. माराच्या भोवती मसाई जमातीच्या जमीनमालकांनी भाडेपट्ट्याने दिलेली खासगी संरक्षित क्षेत्रेही आहेत. ती महाग असली तरी तिथे गाड्यांच्या संख्येवर मर्यादा असते आणि रात्रीची फेरी किंवा पायी भटकंती करता येते, जी मुख्य राखीव क्षेत्रात करता येत नाही. सहलीचा दर ठरवताना या शुल्काचा त्यात समावेश आहे की नाही, हा प्रश्न लेखी विचारलेला बरा.

कायद्याच्या बाबतीत केनिया अनपेक्षितपणे कठोर आहे. २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असून तिच्या भंगासाठी चार वर्षांपर्यंत कारावास किंवा ४० लाख शिलिंगपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. ५ जून २०२० पासून राष्ट्रीय उद्याने, वने आणि समुद्रकिनारे यांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या, पेले, चमचेही चालत नाहीत. फरसाण, चिवडा, थेपले यांच्या पुड्या कॅरीबॅगमध्ये बांधून नेण्याची सवय इथे सोडावी लागते. कापडी पिशव्या आणि डबे न्यावेत. शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे. हस्तिदंत आणि प्राण्यांची कातडी यांचा व्यापार गंभीर गुन्हा असून २०१६ साली नैरोबीत १०५ टन हस्तिदंताची जाहीर होळी करण्यात आली. हा कायदा केवळ मोठ्या प्राण्यांपुरता नाही: २०२५ मध्ये नैवाशाजवळ दोन बेल्जियन तरुणांकडे नळ्यांमध्ये भरलेल्या हजारो राणी मुंग्या सापडल्या, आणि न्यायालयाने त्यांना प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड किंवा वर्षभराचा कारावास ठोठावला. सरकारी इमारती, पोलीस आणि लष्कर यांची छायाचित्रे काढू नयेत, ड्रोन परवानगीविना उडवू नये, आणि मसाई माणसांचा फोटो त्यांना विचारल्याखेरीज घेऊ नये, एवढे येथे पुरे.

सुरक्षिततेविषयी बोलताना घबराट आणि बेफिकिरी ही दोन्ही टोके टाळायला हवीत. नैरोबीतील वेस्टगेट मॉलवर २०१३ मध्ये आणि द्युसित हॉटेल-संकुलावर २०१९ मध्ये दहशतवादी हल्ले झाले. सोमालियाच्या सीमेलगतचे मांडेरा, गारिसा, वाजीर हे परगणे आजही प्रवाशाने टाळावेत असेच आहेत. मात्र नेहमीच्या पर्यटन मार्गांवर प्रवाशाला खरा उपद्रव असतो तो पाकीटमारी, मोबाइल हिसकावणे आणि रात्री एकट्याने पायी फिरणाऱ्यांची लूट यांचा. जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तरुणांचा जमाव संसदेत घुसला आणि पुढच्या वर्षी जून-जुलैमध्येही निदर्शने उसळली. अशा दिवशी नैरोबीचा मध्यभाग बंद होतो, म्हणून विमान असेल त्या दिवशी विमानतळावर लवकर पोहोचावे.

खाण्यापिण्याची चिंता भारतीयांनी, विशेषतः शाकाहारींनी, फारशी करू नये. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा ‘उगाली’ आणि त्यासोबत पालेभाजी ‘सुकुमा विकी’ हे रोजचे अन्न भाकरी खाणाऱ्याला परके वाटत नाही. चपाती, समोसा, भजी आणि दुधाचा चहा हे तर तिथलेच पदार्थ होऊन गेले आहेत. मांसाला ‘न्यामा’, कोंबडीला ‘कुकू’ आणि माशाला ‘सामाकी’ म्हणतात. तिन्हींना स्वतंत्रपणे नकार दिलेला बरा. नैरोबीच्या पार्कलँड्स भागात गुजराती थाळी आणि जैन जेवणही मिळते. भारतीय वंशाच्या नागरिकांना २०१७ साली केनियाने देशातली ४४वी जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली. गोव्याशी असलेले नाते त्याहून वेगळे आणि कमी परिचित आहे. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे पियो गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात आघाडीवर होते आणि १९६५ मध्ये त्यांची हत्या झाली; गोमंतकीय पिता आणि मसाई माता यांचे पुत्र जोसेफ मुरुंबी १९६६ मध्ये देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. मुरुंबींनी जमवलेल्या आफ्रिकी कलावस्तू नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, ऐन बाजारपेठेत, पाहायला मिळतात, आणि अभयारण्याकडे धावणारे बहुतेक प्रवासी त्या इमारतीसमोरून न थांबता पुढे जातात.

किनाऱ्यावर मोम्बासाचा फोर्ट जीझस हा किल्ला पोर्तुगिजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधला. त्याचा कारभार गोव्यातून चाले, १६९६ पासून पावणेतीन वर्षे चाललेल्या ओमानी वेढ्यात कुमकही गोव्याहूनच येई, आणि तरीही १६९८ मध्ये तो पडला. वसई किंवा चौल पाहिलेल्या माणसाला त्याची घडण ओळखीची वाटेल. उत्तरेकडचे लामू हे जागतिक वारसा यादीतले बेट-शहर इतके अरुंद गल्ल्यांचे आहे की तिथे ओझी गाढवांवरून वाहिली जातात. तिथे विमानानेच जावे, कारण मुख्य भूमीवरचा रस्ता सुरक्षित मानला जात नाही. लामूत आणि मोम्बासाच्या जुन्या भागात वस्ती प्रामुख्याने मुस्लिम असल्याने समुद्रकिनाऱ्यावरचे कपडे गावात घालून फिरू नये आणि रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाऊ नये.

आरोग्याच्या बाबतीत नळाचे पाणी टाळणे वगैरे सर्वांना माहीत असलेल्या सूचना बाजूला ठेवल्या तर दोन मुद्दे उरतात. पहिला उंचीचा. केनिया पर्वतावर चढणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष्य असलेले लेनाना शिखर ४,९८५ मीटर उंच आहे, आणि मुंबईच्या सपाटीवरून तीन दिवसांत तिथवर जाणाऱ्याला विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यता बरीच असते. म्हणून एक दिवस अधिक घेणारा सिरिमोनचा मार्ग नवशिक्यांसाठी बरा. दूरच्या छावणीत कुणी गंभीर आजारी पडले तर १९५७ पासून काम करणारी आम्रेफ संस्थेची ‘उडत्या डॉक्टरांची’ विमानसेवा रुग्णाला नैरोबीला आणते. तिचे अल्पमुदतीचे सभासदत्व प्रवाशांनाही मिळते.

दुसरा मुद्दा हिवतापाचा. किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर येथे त्याचा धोका अधिक, नैरोबीत कमी. पण केनियात आढळणारा प्रकार मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकणारा जीवघेणा प्रकार असतो. ‘आपल्याकडेही मलेरिया होतोच’ असे म्हणून प्रतिबंधक गोळ्या टाळणारे भारतीय प्रवासी या फरकाकडे दुर्लक्ष करतात. क्लोरोक्विन येथे निरुपयोगी आहे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्यापूर्वी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस, तर डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, आणि घरी आल्याबरोबर गोळ्या सोडून देणे ही सर्रास होणारी चूक आहे. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत किमान आठवडा आणि काही वेळा तीन महिन्यांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त काळ जातो, म्हणजे ताप येतो तो पुण्यात किंवा नाशिकात, पावसाळ्याच्या दिवसांत, डेंगी आणि विषाणुज्वराच्या गर्दीत. अशा वेळी केनियाहून आल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगून त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्यावी लागते.